आजींचं कोलेस्टेरॉल

जी बाई चार दिवस चमचाभर पाण्यापलीकडे काही घेत नाही, तिचं कोलेस्टेरॉल किती आहे हे कळून कुणाचं काय भलं होणार आहे? हे मी डॉक्टर म्हणून विचारत नाही, कारण मी डॉक्टर नाही. पाथर्डीत माझी छोटी लॅब आहे. डीएमएलटी केलं, नगरला दुसऱ्याच्या लॅबमध्ये उमेदवारी केली आणि गावाकडे परत येऊन स्वतःचं दुकान थाटलं. (नगरचं आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडाला वळण पडायला वेळ लागतो.) रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्ट मॅडमची असते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पक्कं करून टाकलं आणि बरंच झालं. सुई मात्र माझी. वाड्यावस्त्यांवर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांचं रक्त घेणं हा माझ्या धंद्याचा मोठा भाग आहे, आणि त्यातलं बरंचसं रक्त घ्यायची काही गरज नसते.

चिठ्ठी कशी असते ते सांगतो. सीबीसी, केएफटी, एलएफटी, इलेक्ट्रोलाइट्स, लिपिड प्रोफाइल, एचबीएवनसी, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, व्हिटॅमिन डी. पेशंट नव्वदीच्या पुढचा, लकव्यानंतर अंथरुणावर, आता गिळणंही बंद झालेलं. घरच्यांनी खोलीत बल्ब लावून ठेवलेला असतो. मी टूर्निकेट बांधतो. या वयाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते, नुसतं रबर आवळलं तरी खाली काळंनिळं होतं. कोपरात शीर सापडत नाही. मनगटामागे सापडली तर सुईखालून पळते, नाहीतर फुटते. मग दुसरा हात, मग पाय. जांभळ्या बुचाची बाटली, लाल बुचाची, साखरेसाठी राखाडी. एकेका बाटलीला दोन-तीन मिली रक्त लागतं. ज्या माणसाने कालपासून डोळे उघडलेले नसतात, तोसुद्धा सुई टोचली की हात मागे ओढतो. शेजारची बाई हात धरून ठेवते आणि म्हणते, ‘झालंच हां आक्का, झालंच.’

त्यात ‘उपाशीपोटी’ची भर. डॉक्टरांनी फास्टिंग लिहिलंय म्हणून शुगरच्या गोळ्या चालू असलेल्या म्हाताऱ्याला रात्री आठपासून काही देत नाहीत आणि सकाळी माझी गाडी चार वस्त्या करून दहाला पोचते. बऱ्याचशा कोलेस्टेरॉल तपासण्यांना आता उपाशी राहावं लागत नाही, पण चिठ्ठ्यांवरची जुनी सवय अजून गेलेली नाही.

रिपोर्ट आला की पुढचं रामायण सुरू होतं. ‘नॉर्मल’चा आकडा कसा ठरवतात ते सहसा कुणी लोकांना सांगत नाही. शंभर धडधाकट माणसांचं रक्त तपासलं तर त्यातल्या पंच्याण्णवांचे आकडे ज्या दोन टोकांच्या मध्ये येतात, तेवढी पट्टी म्हणजे नॉर्मल. म्हणजे धडधाकट असूनही पाच जण पट्टीबाहेर असतातच. एकाच निरोगी माणसाच्या एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर एखादी तरी बाहेर पडण्याची शक्यता चौसष्ट टक्के भरते. हे तरण्या माणसाचं झालं. नव्वदीतल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये ठळक अक्षरात न छापलेला आकडा शोधावा लागतो. घरचे मोबाइलवर फोटो काढतात, तो कुटुंबाच्या ग्रुपवर जातो, आणि चाकणच्या कंपनीत कामाला असलेला पुतण्या रात्री अकरा वाजता मला फोन करून विचारतो, ‘क्रिएटिनिन लाल का आलंय?’ मग पुन्हा तपासणी, सोनोग्राफी, ‘एकदा सीटी करून घेऊ’, आणि त्यासाठी पन्नास किलोमीटर नगर, करंजी घाटाची वळणं घेत, स्ट्रेचरवर.

निरोगी ज्येष्ठांचीही यातून सुटका नाही. ‘फुल बॉडी चेकअप, ज्येष्ठांसाठी खास’ अशी पॅकेजं येतात. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला शिबिर होतं, फ्लेक्सवर पुढाऱ्याचा फोटो मोठा आणि तपासण्यांची यादी त्याहून मोठी. त्यात पुरुषांसाठी पीएसए हमखास असते. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी केवळ चाळणी म्हणून ही तपासणी सत्तरीनंतर करू नये, असं अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्यसेवांच्या तज्ज्ञगटाने २०१८ साली स्पष्ट लिहिलं. पुष्कळ म्हाताऱ्या पुरुषांच्या प्रोस्टेटमध्ये कर्करोगाच्या पेशी असतात, त्यांचा त्यांना कधीच त्रास होत नाही आणि ते दुसऱ्याच कशाने तरी जातात. पण आकडा चार-पाच अंकांनी वर गेला की त्या माणसाची झोप जाते, बायोप्सी होते, आणि बायोप्सीनंतर लघवीच्या तक्रारी सुरू झाल्या की त्याही वयावर घातल्या जातात.

आता उलट बाजू. माझ्या गल्लीतच एक आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. एक दिवस त्या बरळायला लागल्या, मेलेल्या भावाशी बोलू लागल्या. घरच्यांनी गावी निरोप धाडले. आमच्याकडच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी फक्त दोन तपासण्या लिहिल्या : साखर आणि सोडियम. सोडियम ११४ निघालं. असायला हवं १३५ ते १४५. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, त्याने म्हाताऱ्या माणसांचं सोडियम उतरतं. गोळी बदलली, सावकाश सोडियम वर आणलं, आणि आठवड्याभरात आजी ओट्यावर बसून सुनेच्या चुका काढायला लागल्या. तसंच शुगरच्या गोळ्यांचं. म्हातारपणी मूत्रपिंड मंदावतं, गोळी अंगात साठते, साखर खाली जाते, आणि लोक समजतात म्हातारा सुस्तावलाय. बोटाला टोचून अर्ध्या मिनिटात कळणारी गोष्ट आहे.

म्हणून ‘वय झालंय, आता कशाला तपासता’ असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. ऐंशी वर्षांच्या बाईला औषध नाकारायला हे चांगलं निमित्त होतं, विशेषतः ती बाई असेल आणि जमीन तिच्या नावावर असेल तर. त्या डॉक्टरीणबाईंनी लिहिलेल्या दोन तपासण्यांची उत्तरं येण्याआधीच त्यांना ठाऊक होतं की असं आलं तर हे करायचं आणि तसं आलं तर ते. नऊ तपासण्यांच्या चिठ्ठीत हेच नसतं. व्हिटॅमिन डी कमी आलं तर गिळता न येणाऱ्या माणसाला तुम्ही काय देणार? एचबीएवनसी म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. ज्याच्या हातात तीन आठवडेही नाहीत, त्याच्या गेल्या तीन महिन्यांचा हिशोब काढून पुढे काय करायचं?

यावर लगेच ‘कट’चा, म्हणजे डॉक्टरांच्या कमिशनचा विषय निघतो, आणि निघायलाच हवा. धंद्यातला माणूस आहे, खोटं कशाला बोलू? महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांनी विंचूदंशावरच्या संशोधनाने कोकणातली कितीतरी पोरं वाचवली, त्यांनी एका पेशंटला एमआरआयसाठी पाठवलं, तर त्या केंद्राकडून त्यांना १,२०० रुपयांचा चेक आला. त्यांनी वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली. डॉ. अरुण गद्रे यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून ‘कैफियत’ लिहिली, तीत हे सगळं डॉक्टरांच्याच तोंडून आहे. रक्त घ्यायचं, बेसिनमध्ये ओतायचं आणि आकडे लिहून द्यायचे, इथपर्यंत. २०१७ साली माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने कटप्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार केला. त्याचा कायदा काही झाला नाही. दरपत्रकावरचा आकडा आणि प्रत्यक्ष खर्च यांत फरक का असतो, हे तुम्हाला कुठलाही लॅबवाला खाजगीत सांगेल.

पण सगळं कटवर ढकललं की घरातल्या माणसांना सुटल्यासारखं वाटतं, आणि मला ते मान्य नाही. मी घराघरात जातो. कितीतरी ठिकाणी डॉक्टर म्हणालेले असतात की आता तपासायची गरज नाही, आणि घरचेच परस्पर मला बोलावतात. ‘सगळं चेक करून टाका डॉक्टर.’ (गावात लॅबवाल्यालाही डॉक्टर म्हणतात.) का? तर भावकी काय म्हणेल. लेकी म्हणतील, भावांनी काही केलं नाही. माहेरचे चुलते म्हणतील, पैशाकडे बघितलं.

आमच्या तालुक्यात याला आणखी एक पदर आहे. दसरा झाला की पाथर्डी-शेवगावातली तरणी माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात. गावात राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली नातवंडं. आजीचं दुखणं वाढतं ते नेमकं तेव्हा. लेक कोल्हापूरकडे नाहीतर पार कर्नाटकात फडात असतो. त्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयता टाकून निघता येत नाही. मग तो तिथून फोनवर सांगतो, ‘काय लागंल ते करा, पैशाची काळजी करू नका.’ त्याला आईजवळ बसायचं असतं. ते जमत नाही म्हणून तो पैसे पाठवतो, आणि त्या पैशांचं काय करायचं हे न कळून शेजारचे तपासण्या करून घेतात. अंगावरच्या उचलीत आणखी भर पडते. एकदा असा एक लेक मला फोनवर म्हणाला, ‘भाऊ, रिपोर्ट कसाबी येऊ द्या, फक्त ती मला वळखती का तेवढं सांगा.’ त्या प्रश्नाला माझ्याकडे बाटली नव्हती. मी फोनचा स्पीकर चालू केला आणि मोबाइल तिच्या कानाशी धरला.

डॉक्टरांचीही एक भीती असते, ती समजून घेतली पाहिजे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. ते योग्यच होतं. पण तेव्हापासून ‘तपासणी का केली नाही’ असं कोर्टात विचारता येतं. ‘तपासणी का केली’ असं विचारायला सहसा कुणी जात नाही. शिवाय काचा फुटण्याची धास्ती. दवाखान्यांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० साली कायदा करावा लागला, यातच काय ते आलं. तालुक्याच्या ठिकाणचा एकटा डॉक्टर चाळीस नातेवाइकांसमोर ‘आता काही करू नका’ असं म्हणण्यापेक्षा चिठ्ठी लिहितो. चिठ्ठी लिहायला दोन मिनिटं लागतात. आईचा शेवट जवळ आलाय हे लेकाला समजावायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि त्या अर्ध्या तासाचं बिल लावायची रीत आपल्याकडे नाही.

सरकारी पैशाची वाटही तशीच. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, आयुष्मान भारतमधून वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. चांगली योजना, माझ्या आईचंही कार्ड काढलंय. पण हा पैसा मुख्यतः दाखल झाल्यावर मिळतो. म्हातारी काचेत असेल तर पैसे आहेत. तीच म्हातारी घरी खाटेवर असेल, पाठीला जखमा झाल्या असतील, दर दोन तासांनी कूस बदलायला आणि शौच साफ व्हायला कुणी शिकवणारं हवं असेल, तर सून आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांमध्ये ज्या बारा सेवा द्यायच्या आहेत त्यांत ज्येष्ठांची आणि उपशामक काळजीही आहे. सरकारी केंद्रांतलं रक्त महालॅबमार्फत मोफत तपासलं जातं. गरिबाचा खर्च वाचतो, माझं गिऱ्हाईक तुटतं, तरी मी त्याला चांगलंच म्हणेन. पण रक्ताची बाटली रोज गावाबाहेर पडते आणि दुखणं थांबवणारं माणूस आठवड्यातून एकदाही गावात शिरत नाही, ही उलटी तऱ्हा झाली. मॉर्फिनच्या वापरावरचे जाचक निर्बंध सैल व्हावेत म्हणून २०१४ साली अमली पदार्थांचा कायदा बदलला. माझ्या ओळखीच्या एकाही मेडिकलवाल्याकडे ती गोळी नाही.

हे आपल्याला जमणार नाही असं कुणी म्हटलं तर मी जामखेडकडे बोट दाखवतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली तिथे आले आणि त्यांनी गावातल्या, बहुतेक निरक्षर, कित्येक दलित, अशा बायांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. बाळंतपण, हगवण, कुपोषण, क्षय, कुष्ठरोग या बायांनी हाताळले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे मिळालं आणि जगभरातले डॉक्टर आमच्या दुष्काळी जिल्ह्यात शिकायला येऊ लागले. जी बाई बाळंतिणीला सांभाळायला शिकू शकते, तिला मरणाऱ्या माणसाचं तोंड ओलं कसं ठेवायचं, कूस कशी बदलायची, कण्हणं वाढलं तर कुणाला फोन करायचा, हे शिकवता येणार नाही का? केरळने २००८ साली असं धोरण केलं आणि गावागावांतल्या स्वयंसेवकांवर ते उभं केलं. आमच्याकडे तर आशाताई घरोघर जातातच. त्यांच्या रजिस्टरात या कामाचा रकाना हवा आणि त्या रकान्यापुढे मानधन हवं.

आपलं शेवटचं आजारपण कसं असावं हे सांगायचा हक्क कागदावर आपल्याला मिळालेला आहे, तोही मुंबईतल्या एका परिचारिकेच्या यातनांवरून सुरू झालेल्या वादातून. केईएममधल्या अरुणा शानभाग १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये जाईपर्यंत त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या. त्यांच्या खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने काही परिस्थितीत उपचार थांबवण्याची वाट उघडली. ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ लिहून ठेवलेलं इच्छापत्र, दोन्ही मान्य केलं. सुरुवातीची पद्धत इतकी किचकट होती की कुणी वापरीना. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी झाली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचं इच्छापत्र करून, ते जपून ठेवणारा अधिकारी कुठाय म्हणत उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा राज्यभरच्या स्थानिक संस्थांत असे अभिरक्षक नेमले गेले. तुमच्या नगरपालिकेत तो कोण आहे, हे तिथे जाऊन विचारा. विचारणारे वाढले तरच उत्तर देणारे तयार होतील.

नको म्हणणं हे काही पाश्चात्त्यांचं फॅड नव्हे. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध नाकारलं आणि १५ तारखेला देह ठेवला. आमच्या जिल्ह्यातल्या जैन घरांना संथारा ऐकून माहीत आहे. मी तर त्याच्या पुष्कळ अलीकडचं बोलतोय. उपचार थांबवा असंही म्हणत नाही, सुई उचलायच्या आधी एक प्रश्न विचारा एवढंच म्हणतोय. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१९ साली देशातल्या कर्करोगतज्ज्ञांनी टाळाव्यात अशा दहा गोष्टींची यादी ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’मध्ये छापली. आयएमएच्या तालुका शाखांनी नव्वदीतल्या, अंथरुणावरच्या पेशंटसाठी मराठीत एक पानाची अशी यादी करावी. मी ती लॅबच्या दारावर लावीन. धंदा कमी होईल, होऊ दे. गरोदर बायका, शाळेतली पोरं, डेंग्यूचा हंगाम, कामाला तोटा नाही.

तोवर मी माझ्यापुरतं एक सुरू केलंय. अंथरुणावरच्या पेशंटची चिठ्ठी आली की डॉक्टरांना फोन लावतो आणि विचारतो, यातलं काय आलं तर औषध बदलणार? काही डॉक्टर चिडतात. एकाने मला माझी पायरी दाखवली. पण बरेच जण क्षणभर थांबतात आणि म्हणतात, ‘बरं, सोडियम आणि क्रिएटिनिन तेवढं करा, बाकी राहू द्या.’ नऊच्या दोन होतात.

माझं स्वतःचं इच्छापत्रही लिहायला घेतलंय. त्यात लिहिलंय की मी उठू शकत नसेन, माणसं ओळखत नसेन आणि बरा होण्याची आशा नसेल, तर माझं रक्त काढू नये, साखर बघायची तर बोटातून बघावी. बायकोने कच्चा मसुदा वाचला, पेन मागितलं आणि खाली एक ओळ घातली : ‘सोडियम मात्र एकदा बघायचं.’ नोटरीवाले वकील म्हणाले, असं काही इच्छापत्रात लिहीत नसतात. ती म्हणाली, ‘लिहा.’